चालता चालता मोबाईल चार्ज : बूट, गुडघा की पेडल?

रंकाळा_फेरी – रात्री ९.१०
नमस्कार मंडळी. इलेक्ट्रॉनिक्स डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी विचारतोय. विषय : अंगाच्या हालचालीतून वीज काढून मोबाईल चार्ज करणे.

कोल्हापुरात रंकाळा तलावाकाठी रोज सकाळी एवढी माणसं तासभर चालतात, ती सगळी ताकद जमिनीत जिरते. बुटाच्या तळाशी पिझोच्या (दाबल्या-वाकवल्या की वीज देणाऱ्या सिरॅमिकच्या) चकत्या बसवल्या, तर फेरी मारून घरी येईपर्यंत मोबाईल भरेल का? आणि यामागं खरा हेतू पुराचा आहे. २०१९ आणि २०२१ ला नदीकाठची कित्येक गावं दिवसेंदिवस अंधारात होती. मोबाईल बंद पडला की बोट मागवायची सोयही संपते. चालून चार्ज झाला तर कुणाची वाट बघायला नको.

सामानाची यादी : २७ मिमीच्या पिझो चकत्या १०, एक ब्रिज रेक्टिफायर (उलटसुलट वीज एका दिशेला वळवणारी डायोडची जोडणी), चार्ज साठवायला १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, ५ व्होल्टचा बूस्ट (व्होल्टेज वाढवणारा) मॉड्यूल, यूएसबी सॉकेट. यात काय चुकतंय ते स्पष्ट सांगा.

ज्यूलमोजणी – रात्री ९.४२
हेतू चांगला आहे, म्हणून स्पष्टच सांगतो. आधी बादली केवढी ते बघू, मग नळाची धार.

आजचा साधा मोबाईल ५००० एमएएचचा. बॅटरीचा सरासरी व्होल्टेज ३.८५ धरला तर १९ वॉट-तास, म्हणजे सुमारे ६९,००० ज्यूल. ६० किलोचा माणूस ३९ मजले जिना चढून गेला तर जेवढं काम होतं, तेवढं हे. तेही वाटेत काही वाया न जाता.

आता धार. २७ मिमीच्या चकतीची कपॅसिटन्स (चार्ज साठवायची क्षमता) साधारण २० नॅनोफॅरड. पाय पडल्यावर ३० व्होल्ट उठले असं धरू. अर्धा गुणिले कपॅसिटन्स गुणिले व्होल्टेजचा वर्ग केला की ९ मायक्रोज्यूल येतात. दहा चकत्यांचे ९०. पाय उचलताना चकती उलटी लवचते, तेव्हा अजून ९०. एका पावलाला १८० मायक्रोज्यूल. तासात ६००० पावलं, दोन्ही पायांत असे बूट, तर १.०८ ज्यूल.

६९,००० भागिले १.०८. रोज तासभर चाललं तर मोबाईल भरायला सुमारे १७५ वर्षं. आणि हे सगळं उदार हाताने धरलेलं आहे, प्रत्यक्षात याच्या पाव हिस्साही मिळणार नाही.

तालीम_गल्ली – रात्री ९.५०
१७५ वर्षं! म्हणजे पणजोबांनी चालायला सुरुवात केली असती तर आत्ता आम्ही हॅलो म्हणालो असतो. :)

रंकाळा_फेरी – रात्री १०.०५
सर, पण व्हिडिओत तर बूट दाबला की एलईडी लागतात. एकात मोबाईलवर चार्जिंगचं चिन्हही आलं.

सोल्डर_फ्लक्स – रात्री १०.३१
एलईडीला १ मिलिअँपिअर, २ व्होल्ट, आणि १० मिलिसेकंद मिळाले तरी डोळ्याला तो लुकलुकलेला दिसतो. हिशेब केला तर २० मायक्रोज्यूल. डोळा फार संवेदनशील आहे, बॅटरी नाही.

चार्जिंगच्या चिन्हाचंही तसंच. सॉकेटवर साडेचार व्होल्टच्या वर काही दिसलं की मोबाईल चिन्ह दाखवतो. आधीच भरून ठेवलेला मोठा कपॅसिटर क्षणभर टेकवला तरी चिन्ह येतं. चार्ज होतोय की नाही हे फक्त मधे लावलेल्या यूएसबी मीटरवर कळतं, तेही मिलिअँपिअर बघून. व्होल्ट बघून नाही. व्हिडिओत मीटर नसेल तर पुढं बघायची गरज नाही.

तुझ्या सर्किटमधल्या चुका सांगतो, कारण त्या प्रत्येक प्रोजेक्टमध्ये होतात.

पहिली, दहा चकत्या आणि एकच ब्रिज. टाच आधी टेकते, चवडा नंतर. एक चकती प्लसकडे जात असते तेव्हा दुसरी मायनसकडे, आणि त्या एकमेकींना खातात. प्रत्येक चकतीला स्वतःचा ब्रिज हवा, मग ब्रिजच्या पुढे सगळ्या समांतर. डायोड १एन४१४८ घे. सगळे शॉटकी प्रकारचा डायोड सुचवतील, कारण त्यात व्होल्टेज कमी पडतो. पण शॉटकीची उलटी गळती कित्येक मायक्रोअँपिअरची असते, आणि इथं आपली सगळी कमाईच एका बुटाला १० मायक्रोअँपिअरच्या आसपास आहे.

दुसरी, १००० मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक. त्याची स्वतःची गळती तेवढीच. एका हाताने भरायचं, दुसऱ्या हाताने सांडायचं. सिरॅमिक किंवा फिल्म कपॅसिटर घे, १० ते ४७ मायक्रोफॅरड.

तिसरी, बूस्ट मॉड्यूल. बाजारातला साधा मॉड्यूल काही न करता नुसता बसून एखादा मिलिअँपिअर घेतो, म्हणजे आपल्या कमाईच्या शंभर पट. तो कधीच उठणार नाही.

मोजतानाही फसगत होते. मल्टिमीटर १० मेगाओहमचा असतो. २० नॅनोफॅरडच्या चकतीवर लावला की ०.२ सेकंदात चार्ज मीटरमधूनच निसटतो. मग आकडा कमी दिसतो आणि पोरं चकती बदलत बसतात.

वायरिंगवाली – रात्री १०.५८
+१. सोल्डरिंगबद्दल एक भर घालते. चकतीचा पांढरा चांदीचा भाग आणि पितळ, दोन्हीकडे वायर लागते. पितळेला हळू चाललं तर चालतं, पण चांदीवर दोन सेकंदांच्या वर सोल्डरिंग आयर्न ठेवायचं नाही. जास्त तापलं तर चांदीचा थर सुटून येतो, आणि त्याखालच्या सिरॅमिकचं ध्रुवीकरणही (ज्यामुळे ते वीज देतं) तेवढ्या जागेत मरतं. आधी फ्लक्स, मग टीन, मग केसासारखी बारीक वायर. जाड वायर लावली की चालताना तिच्या ओढीनेच सांधा निघतो.

आणि चकती सपाट कडक तळावर चिकटवू नका. ती लवचली तरच वीज देते. कडेला वायसरसारखी रिंग देऊन मध्यभागी रबराचा छोटा ठोकळा ठेवायचा, म्हणजे दाब मधोमध येतो. लवचण्याला खाली अडथळा हवा, अर्धा मिलिमीटरच्या आत. तो नसला तर पहिल्या दोन-चारशे पावलांत सिरॅमिकला तडा जातो. तडा गेलेली चकती दिसायला चांगली असते, फक्त वीज निम्म्यावर येते.

रंकाळा_फेरी – सकाळी ७.२०
सगळ्यांचे आभार. रात्री अजून वाचलं. संशोधक थॅड स्टार्नर यांच्या १९९६ च्या लेखात चालण्यातून ६७ वॉट उपलब्ध आहेत असं आहे. ६७ वॉट आणि मायक्रोवॉट यांत एवढी दरी कशी? मधे कुठंतरी चांगला मार्ग असलाच पाहिजे.

ज्यूलमोजणी – सकाळी ८.०२
हा प्रश्न महत्त्वाचा आहे. ६७ वॉटचा हिशेब असा : ६८ किलोचा माणूस, प्रत्येक पावलाला ५ सेंटिमीटर खाली येतो, सेकंदाला दोन पावलं. ६८ × ९.८ × ०.०५ × २. गणित चूक नाही. पण ती सगळी ऊर्जा काढायची तर टाच प्रत्येक पावलाला ५ सेंटिमीटर रुतली पाहिजे. नुकत्याच नांगरलेल्या, पाऊस पडलेल्या रानातून चालून बघा. दहा मिनिटांत पोटऱ्या भरतात. बुटाचा तळ खरोखर दबतो तो सेंटिमीटरभर, आणि त्यातलंही बरंचसं पायाला परत मिळतं. ते परत मिळणंच आपण चोरायला निघालोय.

करून बघितलेलं काय आहे? एमआयटी मीडिया लॅबमध्ये १९९८ ला बुटातले तीन प्रकार तपासले गेले. चवड्याखाली पीव्हीडीएफ प्लॅस्टिकची पट्टी, टाचेखाली वाकडी पीझेडटी (पिझो सिरॅमिकची) पट्टी, आणि बुटाला बसवलेलं छोटं फिरतं जनित्र. पट्ट्यांनी एक-दोन मिलिवॉट दिले. पुढं सुधारणा करून टाचेची पट्टी ८ मिलिवॉटपर्यंत गेली. फिरत्या जनित्राने पाव वॉट दिला, पण ते घालून नीट चालता येत नव्हतं.

चार्ज होतानाची घट धरली तर पाव वॉटने मोबाईल भरायला ९० तासांहून जास्त चालावं लागेल. तुझ्या दरीचं उत्तर हेच आहे : जे पायाला जाणवत नाही ते मिलिवॉटमध्ये, आणि जे वॉटमध्ये आहे ते पायाला जाणवतंच.

चप्पल_लाईन – सकाळी ९.१५
बुटाऐवजी कोल्हापुरी चप्पल घेतली तर? तळ थरांचा असतो, खिळा नाही, सगळी शिलाई चामड्याच्या वादीची. दोन थरांच्या मधे पट्टी सरकवायला जागा करता येते. टाचेलाही जाडी असते.

वायरिंगवाली – सकाळी ९.४०
जागा आहे, पण लवचिकता नाही. टाचेखालचे थर दाबून बसवलेले, त्यामुळे दबतच नाहीत. वाकतं ते चवड्यापाशी, तिथं पीव्हीडीएफची पातळ पट्टी बसेल. मिळकत मिलिवॉटच्या आतच. दुसरी अडचण पाण्याची. झाडाच्या सालीने कमावलेलं चामडं ओल धरतं, आणि पिझोचा स्वतःचा रोध इतका मोठा की वायरीच्या टोकांमधल्या ओलसरपणातूनच चार्ज निघून जातो. सांध्यांवर इपॉक्सी ओतल्याशिवाय पावसाळ्यात काही हाती लागणार नाही. नवी चप्पल फाडू नका, एवढंच सांगते.

चप्पल_लाईन – सकाळी ९.४४
फाडत नाही. तशीच करकरू दे.

तालीम_गल्ली – सकाळी १०.३०
बूट सोडा. तालमीत पोरं रोज हजार-हजार बैठका मारतात. त्यात किती वीज असंल?

ज्यूलमोजणी – सकाळी ११.१२
छान प्रश्न. ८० किलोचा मल्ल, शरीर अर्धा मीटर खाली-वर. एका बैठकीला सुमारे ३९० ज्यूल, हजार बैठकांना १०९ वॉट-तास. म्हणजे पाच मोबाईल, कागदावर.

पण यात एक मजेची गोष्ट आहे. वर उठताना स्नायू काम करतात, खाली जाताना तेच स्नायू ब्रेक लावतात. खाली जातानाची ऊर्जा स्नायूंत उष्णता होऊन जाते. ती काढून घेतली तर मल्लाला जादा कष्ट नाहीत, उलट गुडघ्याला आधार.

हीच कल्पना वापरून कॅनडातल्या सायमन फ्रेझर विद्यापीठाच्या मॅक्स डोनेलन यांनी गुडघ्यावरचं जनित्र केलं, २००८ मध्ये. चालताना पाय पुढं फेकला की शेवटच्या टप्प्यात मांडीमागचा स्नायू त्याला थांबवतो. जनित्र नेमकं तेवढ्याच टप्प्यात जोडलं जातं आणि बाकी वेळ मोकळं फिरतं. दोन्ही पायांचे मिळून सुमारे ५ वॉट. अडचण वजनाची : एका पायाला १.६ किलो. शरीराच्या टोकाला वजन बांधलं की ते वाहण्यातच ऊर्जा जाते.

डायनामो_२६ – सकाळी ११.४०
पाठीवरच्या सॅकचंही झालंय ना? पन्हाळा-पावनखिंड करणाऱ्यांना उपयोगी पडेल.

ज्यूलमोजणी – दुपारी १२.०५
हो. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात लॉरेन्स रोम यांनी २००५ मध्ये केलं. सॅकचं ओझं स्प्रिंगवर टांगलं, चालताना कंबर वर-खाली होते तसं ते सरकतं आणि दाते-पट्टी जनित्र फिरवते. सर्वांत जास्त ७.४ वॉट मिळाले, पण ओझं २० ते ३८ किलो होतं. पावनखिंडीला आपण ८ किलो नेतो, त्या हिशेबाने फार तर दीड वॉट. शिवाय चिखलात, उतारावर पाय जपून टाकताना पाठीवर ओझं हिंदकळलेलं कुणालाच नको. पॉवर बँक न्या.

कृष्णाकाठ – दुपारी १.२०
फरशीवर चालून वीज काढतात तेही सांगा. शाळेच्या दारात बसवली तर?

ज्यूलमोजणी – दुपारी १.३१
६० किलोचं पोर, फरशी ५ मिलिमीटर दबली, तर जास्तीत जास्त ३ ज्यूल. हजार पावलांना पाऊण वॉट-तास. खर्च बघता नको.

डायनामो_२६ – दुपारी २.१५
मग सायकलच. जुन्या हिरव्या-काळ्या सायकलींना टायरला घासणारा बाटलीचा डायनामो असतो, ६ व्होल्ट ३ वॉट. तो अजून मिळतो. त्यातून एसी येतो. ब्रिज, २२०० मायक्रोफॅरड ३५ व्होल्टचा कपॅसिटर, मग ५ व्होल्टचा बक (व्होल्टेज उतरवणारा) मॉड्यूल. इथं शॉटकी १एन५८१९ योग्य, कारण करंट अर्धा अँपिअर आहे, गळतीचं काही वाटत नाही. ७८०५ हा साधा रेग्युलेटर लावू नका, त्याला वरती दोन व्होल्ट जादा लागतात आणि ते उष्णतेत जातात.

दोन गोष्टी हमखास चुकतात.

डायनामोची एकच वायर बाहेर येते, दुसरं टोक त्याची बॉडी, म्हणजे सायकलची फ्रेम. म्हणून पट्टीचा टोकदार स्क्रू रंग खरवडून लोखंडाला लागला पाहिजे. आता ब्रिज लावला की एसीचं एक टोक फ्रेमला आलं. त्यानंतर डीसीची मायनस चुकूनही फ्रेमला लागू द्यायची नाही. लागली की ब्रिजचा एक डायोड शॉर्ट होतो आणि वीज निम्मी होते. यूएसबी सॉकेटचं पत्र्याचं कवच मायनसला जोडलेलं असतं. ते हॅंडलला टेकलं तरी हेच. सॉकेट रबरी नळीच्या तुकड्यात बसवा.

दुसरी, उतारावर मोबाईल काढून ठेवला की डायनामोवर लोडच उरत नाही आणि व्होल्टेज ३०-४० च्या घरात चढतो. ३५ व्होल्टचा कपॅसिटर फुगतो, बकही जातो. कपॅसिटरवर २४ व्होल्टचा ५ वॉटचा झेनर (व्होल्टेज त्यावर चढू न देणारा डायोड) लावा.

हाती किती लागतं? १५ च्या वेगात साधारण २ वॉट. कोल्हापूर-सांगली जाऊन-येऊन १०० किलोमीटर, त्यात १३ वॉट-तास. मोबाईल निम्म्यापेक्षा थोडा वर. पावसात टायर ओला झाला की डायनामो घसरतो, तेव्हा तेही नाही. हबमधला डायनामो घसरत नाही, पण महाग.

कृष्णाकाठ – दुपारी ३.०५
पुरात सायकल चालवायला रस्ता कुठं आहे? रस्त्यावरच पाणी. शाळेत किंवा मंगल कार्यालयात सगळी माणसं एकत्र असतात, एका जागी बसून काय करता येईल ते सांगा. सोलर सांगू नका, त्या आठवड्यात सूर्य दिसत नाही.

उद्यमनगर_लेथ – संध्याकाळी ६.२०
ताई, याचं उत्तर आहे आणि ते उद्यमनगरातल्या वर्कशॉपात आठवड्यात तयार होतं. जागेवरची सायकल.

जनित्र म्हणून २४ व्होल्ट २५० वॉटची इलेक्ट्रिक स्कूटरची चुंबकाची डीसी मोटर घ्यायची. हिच्यावर २६५० आरपीएम लिहिलेलं असतं. म्हणजे उलट फिरवली तर साधारण ११० फेऱ्यांना एक व्होल्ट. गाडीचा अल्टरनेटर घेऊ नका. त्याला फील्डसाठी आधी वीज द्यावी लागते आणि तो कमी फेऱ्यांवर काही देत नाही.

रोलरचा व्यास हा सगळ्याचा जीव. बहुतेक जण २५ मिमीचा करतात आणि मग मोटर चार हजार फेऱ्यांनी किंचाळते. हिशेब बघा : मिनिटाला ६० पेडल, पुढं ४४ दाते, मागं १८, तर चाक १४७ फेऱ्या. २६ इंची चाक ६६० मिमी, रोलर ५० मिमी, गुणोत्तर १३.२. मोटर १९४० फेऱ्या, साडेसतरा व्होल्ट मोकळे. १२ व्होल्टच्या बॅटरीला हेच हवं. पेडल ५० च्या आसपास गेलं की करंट सुरू होतो, ६० ला चांगला दम लागतो. माणूस आपोआप मधल्या गतीवर बसतो.

रोलर नायलॉनचा किंवा माईल्ड स्टीलचा. खोल नर्लिंग (पृष्ठभागावर खरखरीत खाचा) करू नका, टायर किसला जातो. गुळगुळीत किंवा अगदी हलकं नर्लिंग. भोक आणि बाहेरचा व्यास एकाच चकिंगमध्ये (लेथवर एकाच पकडीत) घ्या, नाहीतर डोलतो. डोललं की प्रत्येक फेरीला दाब कमी-जास्त होतो आणि टायर एका जागी झिजतो. रोलर शाफ्टवर आवळणारे ग्रब स्क्रू दोन, ९० अंशांत, आणि शाफ्टवर कानसीने सपाट जागा करून. एकच स्क्रू अर्ध्या तासात सुटतो.

मोटर बिजागरीवर बसवायची आणि स्प्रिंगने टायरवर दाबायची. फार दाबली तर टायर गरम होतो, कमी दाबली तर घसरतो. अर्धा तास चालवून टायरला हात लावा : कोमट ठीक, चटका बसला तर स्प्रिंग एक आटा ढिली करा. टायर नक्षी नसलेला, हवा पूर्ण. सायकलचं डबल स्टँड चाक उचलतं खरं, पण माणूस जोरात पेडल मारू लागला की हलतं. ३५ × ५ च्या अँगलची चौकट, मागच्या एक्सलला दोन्हीकडून नटाने पकडणारी. पुढचं चाक वीट लावून समपातळीत.

वायरिंगवाली – संध्याकाळी ७.०२
दादांच्या चौकटीची वायरिंग सांगते.

मोटरीच्या प्लसवर लगेच १० अँपिअरचा शॉटकी डायोड, हीटसिंकवर. तो नसला तर पेडल थांबताच बॅटरी मोटरीला फिरवू लागते आणि पाय पेडलवर नसताना चाक गरगरतं. लहान मुलं आजूबाजूला असतात, म्हणून हा डायोड सर्वांत आधी. मग १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाची यूपीएसची बॅटरी. तिच्या प्लसला चिकटूनच १० अँपिअरचा फ्यूज. एक व्होल्टमीटर समोर हॅंडलवर : १४.४ दिसले की पेडल थांबवायचं.

मोटर ते बॅटरी वायर २.५ चौरस मिमीची. घरात पडलेली ०.५ ची वापरली तर दोन मीटर अंतरात ५ अँपिअरला पाऊण व्होल्ट वायरीतच जातो.

बॅटरीपासून पुढं मोबाईलसाठी गाडीत सिगरेट लायटरला लावतात तो यूएसबी चार्जर. उगीच बक मॉड्यूल आणि सॉकेट जोडत बसू नका. उघड्या सॉकेटमध्ये डेटाच्या दोन पिना एकमेकींना जोडल्या नाहीत तर मोबाईल त्याला संगणक समजतो आणि अर्ध्या अँपिअरच्या वर घेत नाही. गाडीच्या चार्जरमध्ये ते आधीच केलेलं असतं. आणि इन्व्हर्टर लावून त्यावर घरचे अ‍ॅडाप्टर नको. १२ चे २३० करायचे आणि परत ५, त्यात पाव भाग असाच जातो. ओल्या जागेत २३० व्होल्ट खेळवायचा धोका वेगळाच.

डायनामो_२६ – संध्याकाळी ७.३०
बॅटरी कशाला? थेट बकवर मोबाईल लावला तर दोन किलोचं ओझं आणि बॅटरीतली घट दोन्ही वाचतात. असहमत.

वायरिंगवाली – संध्याकाळी ७.५५
घट वाचते हे खरं. पण पेडल मारणारा माणूस बदलतो, घोटभर पाणी पितो, तेवढ्यात ५ व्होल्ट खाली येतात. मोबाईल सुटतो, परत जोडला जातो, आणि दर वेळी स्क्रीन उजळते. मिनिटाला चार वेळा असं झालं तर स्क्रीनच निम्मं खाते. बॅटरी नकोच असेल तर मधे पॉवर बँक ठेवा. आधी ती भरायची, मग तिच्यावरून मोबाईल. थोडी वीज जादा जाते, पण मोबाईलला स्थिर वीज मिळते.

डायनामो_२६ – रात्री ८.०३
पटलं. पॉवर बँकेचा मार्ग कमी सामानाचा आहे.

ज्यूलमोजणी – रात्री ८.४०
आता पायाचा हिशेब. मोबाईलला सॉकेटवर २३ वॉट-तास लागतात, कारण चार्ज होताना मोबाईल स्वतः गरम होतो. चार्जर ८५ टक्के, मोटर ६५, साखळी आणि रोलर मिळून ८५. गुणाकार ४७ टक्के. म्हणजे पायांनी ४९ वॉट-तास द्यायचे. साधारण धडधाकट माणूस ६० वॉट बराच वेळ देऊ शकतो. तर ५० मिनिटांत एक मोबाईल पूर्ण. बॅटरीची घट धरली तर तासभर.

स्नायूंची कार्यक्षमता २५ टक्के धरली तर यासाठी १७० किलोकॅलरी. ५० ग्रॅम ज्वारीच्या पिठाची एक भाकरी.

तालीम_गल्ली – रात्री ८.४६
एक भाकरी, एक मोबाईल. सौदा वाईट नाही. पुराच्या छावणीत पेडल मारायला तालमीतली पोरं रांग लावतील, भाकरीबरोबर तांबडा रस्सा मिळाला तर बघायलाच नको!

कृष्णाकाठ – रात्री ९.२०
आता कामाचं बोलणं झालं. एका शाळेत ४० मोबाईल असतील, तर तास-तास पेडल मारून सगळे पूर्ण भरणं होणार नाही. पण पूर्ण भरायची गरजही नाही. प्रत्येकाला १० टक्के मिळाले, म्हणजे २ वॉट-तासाच्या आसपास, की एअरप्लेन मोडवर ठेवून सकाळ-संध्याकाळ फोन करता येतो. ४० माणसांना चार-साडेचार तासांचं पेडल. पाळ्या लावल्या तर सहज.

आणि प्रत्येक छावणीत दोन बटणाचे मोबाईल ठेवावेत. त्यांची बॅटरी १००० एमएएच, ३.७ वॉट-तास. पाचवा हिस्सा. दहा-बारा मिनिटांच्या पेडलवर भरतो आणि दोन-तीन दिवस चालतो. बोट, दवाखाना, औषधं, एवढ्यासाठी हे पुरे.

बॅटरी मात्र बाकावर ठेवा, जमिनीवर नाही. पाणी रात्रीतून चढतं. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फूट झालं की इशारा पातळी, तेव्हाच सायकल पहिल्या मजल्यावर नेऊन ठेवायची.

नवा_सभासद_७१ – रात्री ९.४५
हाताने फिरवायचे चार्जर ऑनलाइन मिळतात, ते नकोत का?

उद्यमनगर_लेथ – रात्री ९.५८
त्यातून एक-दोन वॉट मिळतात. मोबाईल भरायला दहा तासांच्या वर हात फिरवावा लागेल. आतले दाते प्लॅस्टिकचे, जोर लावला की पहिला दाता तुटतो. बॅटरी-रेडिओला ठीक.

रंकाळा_फेरी – रात्री १०.३०
मंडळी, सगळं वहीत उतरवलं. आता मूळ प्रश्नाकडे येतो. बूट पूर्ण सोडू का? गाईड सरांनी विषय 'चालण्यातून ऊर्जा' असाच मंजूर केलाय, सायकल त्यात बसणार नाही.

सोल्डर_फ्लक्स – रात्री ११.१५
बूट सोडू नकोस, मोबाईल सोड. मिलिवॉटच्या खालची वीज जिथं पुरते तिथं लाव. सेल न बदलता चालणारी स्वयंचलित क्वार्ट्झ मनगटी घड्याळं हालचालीतल्या विजेवरच चालतात, कारण घड्याळाला मायक्रोवॉटच लागतात.

तू असं कर. दहा चकत्या, दहा ब्रिज, पुढं एलटीसी ३५८८ ही चिप. पिझोसाठीच केलेली आहे, नुसती बसून एक मायक्रोअँपिअरही घेत नाही. इनपुटला २२ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक, आउटपुट ३.३ व्होल्टवर. इनपुट ५ व्होल्टला पोचलं की चिप जागी होते, ३.७ ला परत झोपते. या दोन पातळ्यांमधे २२ मायक्रोफॅरडमध्ये सुमारे १३० मायक्रोज्यूल असतात. तेवढ्यात कमी विजेची ब्लूटूथ चिप एक छोटा संदेश हवेत सोडते.

किती पावलांना एक संदेश? ज्यूलमोजणी सरांनी पावलाला १८० मायक्रोज्यूल काढले ते चकतीवर, ३० व्होल्टला. तीच चकती ५ व्होल्टच्या कपॅसिटरवर रिकामी केली की बहुतेक ऊर्जा डायोड आणि व्होल्टेजच्या फरकात जाते. हाती ४० लागतात. म्हणजे तीन-चार पावलांना एक संदेश. म्हाताऱ्या माणसाच्या बुटात हे बसवलं तर तो चालतोय की थांबलाय हे घरी कळतं, आणि सेल कधीच बदलावा लागत नाही.

इनपुट कपॅसिटर आधी १० चा लावून बघ, मग २२, मग ४७. छोटा असेल तर लवकर जागी होते पण संदेश अर्धवट तुटतो, मोठा असेल तर पहिल्या संदेशाला वेळ लागतो. हा तक्ता रिपोर्टमध्ये दे. आणि इनपुटचा व्होल्टेज ऑसिलोस्कोपवर १०× प्रोबने, शक्यतो मधे फेट बफर (चार्ज न ओढणारं छोटं सर्किट) घालून बघ. साध्या मल्टिमीटरने बघितलंस तर मीटरच पावलं खाईल.

वायरिंगवाली – रात्री ११.२८
चकत्या सगळ्या टाचेखाली कोंबू नकोस. सहा टाचेखाली, चार चवड्याखाली. चिप आणि कपॅसिटर तळात नको, घोट्याजवळ कापडी खिशात. तिथपर्यंतच्या वायरी एकत्र पिळून घे, आणि तळातून बाहेर येतात तिथं एक वळसा ढिला सोड. वायर नेहमी तिथंच तुटते.

उद्यमनगर_लेथ – रात्री ११.३५
रबरी ठोकळे आणि रिंगा हव्या असतील तर माप पाठव. २७ च्या चकतीला आतून २३, बाहेरून २८, उंची ०.४ मिमी, असं धरून दहा नग काढतो. आणि तो पेडलचा रोलर कृष्णाकाठ ताईंच्या गावासाठी जूनच्या आत करून ठेवतो. शाफ्टचं माप तेवढं मोटर हातात आल्यावर व्हर्नियरने मोजून सांगा, कॅटलॉगवरून नको.

कृष्णाकाठ – रात्री ११.५०
मोटर या आठवड्यात मागवते. माप लगेच टाकते इथंच.